झाडीपट्टीतली वकिलात

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याची वाटणी झाली आणि आमचा अर्जुनी-मोरगाव तालुका गोंदिया जिल्ह्यात आला. सातबारा बदलला, बसच्या पाट्या बदलल्या. धरमशालेच्या तिबेटी प्रशासनाने मात्र आमच्या तालुक्यातल्या आपल्या वसाहतीला जोडलेले जुने नाव सोडले नाही. त्यांच्या यादीत ती 'नोर्ग्येलिंग, भंडारा' अशीच आहे. आमच्याकडे नोर्ग्येलिंग हे नाव कुणाच्या तोंडी नाही. आम्ही 'तिबेट कॅम्प' म्हणतो. गोठणगाव आणि प्रतापगडच्या परिसरात, इटियाडोह धरणापासून जवळच, १९७२ साली ही वसाहत बसली. वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते आणि महाराष्ट्र दुष्काळाने होरपळत होता. राज्यातली तिबेटी निर्वासितांची शेतकी वसाहत ही एवढी एकच.

मी या तालुक्यात आयुष्यभर इतिहास शिकवला आणि हिवाळ्यात झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भाच्या, नाटकांत पेटी वाजवली. एक देश दुसऱ्या देशाशी बोलताना नाच, गाणी, मूर्ती, सिनेमे का पुढे करतो, हा प्रश्न मला या दोन्ही कामांतून पडला. पुस्तकांत त्याची उदाहरणे दिल्ली, पॅरिस, मॉस्कोची असतात. माझ्या मते त्याचे सर्वांत टिकाऊ उदाहरण आमच्या धानाच्या बांध्यांमध्ये उभे आहे. ते नीट समजायचे तर थोडे मागे जावे लागते.

स्वतंत्र भारताने परराष्ट्र व्यवहारासाठी वकिलाती उघडल्या, त्याच सुमारास कलेसाठीही एक घर बांधले. १९५० साली मौलाना आझादांनी भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन केली. सैन्य लहान, तिजोरी रिकामी, पण वारसा मोठा. त्या काळच्या नेत्यांनी हा हिशेब ओळखला होता. सांचीच्या स्तूपात सापडलेले सारिपुत्त आणि मोग्गलान यांचे अस्थिधातू लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये पडून होते. ते परत आले, ब्रह्मदेशात दर्शनासाठी नेले गेले, आणि नोव्हेंबर १९५२ मध्ये सांचीला नव्या विहारात ठेवले गेले. तिथे पंतप्रधान नेहरू स्वतः हजर होते. नवे भारत सरकार शेजारच्या बौद्ध देशांशी त्या अस्थिकलशांच्या साक्षीने बोलत होते.

चीनशीही असेच बोलणे सुरू होते. १९५१ मध्ये चिनी सांस्कृतिक शिष्टमंडळ भारतात आले. १९५२ मध्ये विजयालक्ष्मी पंडितांच्या नेतृत्वाखाली आपले शिष्टमंडळ चीनला गेले. आम्हा मराठी माणसांचा या नात्यात आधीपासून वाटा होता. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, १९४२ मध्ये तिथेच वारले, आणि १९४६ मध्ये व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर सिनेमा काढला. त्या सिनेमाने डॉक्टर कोटणीस घरोघर पोहोचवले. पुढे २००६ मध्ये चीनचे अध्यक्ष हु चिंताओ मुंबईत आले, तेव्हा ते कोटणीसांच्या कुटुंबीयांना भेटले. एका माणसाचे काम आणि त्यावरची एक कलाकृती, दोन देशांना साठ वर्षे पुरली.

२९ एप्रिल १९५४ चा पंचशील करार मी वर्गात शिकवायचो, तेव्हा मुलांना त्याचे पूर्ण नाव मुद्दाम फळ्यावर लिहून दाखवायचो. भारत आणि 'चीनचा तिबेट प्रदेश' यांच्यातील व्यापार व दळणवळणाचा तो करार होता. पाच तत्त्वे सगळ्यांना पाठ असतात. तिबेटचा उल्लेख कुणाच्या ध्यानात राहत नाही. शिष्टमंडळे नाचत-गात ये-जा करत होती, त्याच काळात तिबेटचा प्रश्न कागदावर असा मिटवला गेला होता.

आणि मग १९५६ आले. आमच्या भागाच्या स्मृतीत हे वर्ष कोरलेले आहे. दोन वर्षांपूर्वीच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली होती आणि ते हरले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि या टापूतले लोक मिळेल त्या वाटेने दीक्षाभूमीवर गेले. बुद्धाच्या महापरिनिर्वाणाला अडीच हजार वर्षे झाल्याचे ते वर्ष. सरकार ते मोठ्या प्रमाणावर साजरे करत होते आणि आशियाभरच्या बौद्ध पाहुण्यांना बोलावत होते. नोव्हेंबरमध्ये दलाई लामा आणि पंचेन लामा भारतात आले. बाबासाहेबांचे ६ डिसेंबरला दिल्लीत महापरिनिर्वाण झाले, तेव्हा दलाई लामा याच देशात होते. नागपूरची दीक्षा आणि तिबेटचा प्रश्न इतक्या जवळून एकमेकांच्या शेजारून गेले. आमच्या जिल्ह्यात बौद्ध विहार आणि तिबेटी गोम्पा जवळजवळ नांदतात, याला मी योगायोग मानत नाही. दोघांचीही मुळे त्या एका वर्षाच्या हवेत आहेत.

त्या दौऱ्यातला एक प्रसंग मला कधी विसरता आला नाही. जानेवारी १९५७ मध्ये नालंदाला दलाई लामांनी ह्युएन त्संगच्या अस्थी नेहरूंच्या हाती दिल्या, त्या चीन सरकारच्या वतीने. सातव्या शतकात हा यात्रेकरू भारतभर फिरला, महाराष्ट्रातल्या माणसांविषयी आणि पुलकेशीविषयी लिहून गेला. चीनची ही मैत्रीची भेट भारताला देण्यासाठी पेकिंगने हात निवडले ते तिबेटच्या धर्मगुरूचे, एकवीस वर्षांच्या एका तरुणाचे. भारतातच राहावे का, असा विचार त्याच दौऱ्यात त्यांच्या मनात घोळत होता. चौ एन-लाय भारतात आले, आश्वासने दिली गेली आणि दलाई लामा परत गेले. दोन वर्षांनी, ३१ मार्च १९५९ रोजी, ते सरहद्द ओलांडून पुन्हा आले ते आश्रयाला.

या इतिहासातली सर्वांत मोठी घटना मला वाटते ती यानंतरची आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. ऑगस्ट १९५९ मध्ये, आश्रय घेऊन जेमतेम काही महिने झाले असताना, तिबेटींनी कलिंपाँगला संगीत, नृत्य आणि नाट्याची एक संस्था उभी केली. पुढे ती धरमशालेला गेली आणि तिबेटी कलासंस्था म्हणून जगभर नावारूपाला आली. निर्वासितांकडे तेव्हा डोक्यावर छप्पर नव्हते. हजारो माणसे हिमालयात रस्ते फोडण्याच्या कामावर होती, मैदानी उष्णतेने आणि आजारांनी माणसे दगावत होती. अशा वेळी कुणी म्हणाले असते की नाचगाणे मागाहून पाहू, तर त्याला दोष देता आला नसता. त्यांनी तसे केले नाही. ज्यांना जुने गाणे येत होते त्या माणसांना शोधून एकत्र आणले, कारण ती म्हातारी माणसे गेली की सगळेच जाणार होते.

भारत सरकारचे धोरण त्याला पूरक ठरले. नेहरूंनी दलाई लामांना धर्मकार्याची मोकळीक दिली. राजकारण भारताच्या भूमीवरून करू नये, ही अट घातली. दुसरीकडे तिबेटी मुलांसाठी वेगळ्या शाळा हव्यात, त्यांची भाषा टिकली पाहिजे, हा आग्रहही नेहरूंचाच. त्यासाठी १९६१ मध्ये केंद्राची तिबेटी शाळांची संस्था निघाली. १९६७ मध्ये सारनाथला तिबेटी उच्च शिक्षणाची संस्था सुरू झाली. म्हैसूर राज्यात बैलकुप्प्याला १९६० पासून वसाहत बसत होती, पलीकडे मैनपाटला बसली, शेवटी आमच्याकडे. जमिनी दिल्या त्या एकगठ्ठा, म्हणजे माणसे विखुरणार नाहीत आणि सण, भाषा, गाणे एकत्र राहील. पेकिंगला सांगायला हे मानवतेचे काम होते. पण ते परराष्ट्र धोरणही होते, आणि मला ते त्या काळातले सर्वांत शहाणे परराष्ट्र धोरण वाटते. भारताने तिबेटी सरकारला कधी मान्यता दिली नाही. संस्कृतीला मात्र घर, शाळा आणि शेत दिले. राजकारणाचे दार बंद असलेल्या माणसांसाठी कला हाच मोकळा रस्ता उरला आणि त्यांनी त्यावरून सगळे जग गाठले.

'हिंदी-चिनी भाई भाई'ची शिष्टमंडळे १९६२ च्या युद्धात एका महिन्यात विरून गेली. त्यांतल्या कार्यक्रमांची आज कुणाला आठवण नाही. गोठणगावच्या कॅम्पात मुलांना शिकवलेला नाच अर्धशतक उलटूनही चालू आहे.

आता आमच्या कॅम्पाविषयी. पठारावर सातू पिकवणाऱ्या माणसांना इथे धान लावायला शिकावे लागले. आमचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांना टेकतो. या भागातले तलाव कोहळी समाजाने शतकांपूर्वी बांधले, नवेगावबांध त्यांतला सर्वांत मोठा. त्या तलावांच्या आणि इटियाडोहच्या मुलखात ही डोंगरी माणसे वाकून रोवणी करायला लागली. पहिल्या पिढीतल्या म्हाताऱ्या आज्या मला झाडीबोली मिसळलेल्या हिंदीत सांगायच्या की, थंडीपेक्षा इथल्या पहिल्या उन्हाळ्याने त्यांना जास्त रडवले. धान निघाले की घरातली कर्ती माणसे लुधियानाचे स्वेटर घेऊन गावोगावच्या, शहराशहरांच्या बाजारांत जातात. विदर्भातला कोणताही हिवाळा तिबेटी स्वेटरवाल्यांशिवाय जात नाही. लोक घासाघीस करतात, स्वेटर घेतात आणि निघून जातात. हा माणूस आपल्याच शेजारच्या तालुक्यात धान लावतो, हे घेणाऱ्याला बहुधा माहीत नसते.

यामुळे एक गोष्ट घडली, तिची मला फार खंत आहे. आमची झाडीपट्टी रंगभूमी दिवाळीनंतर मंडईपासून होळीपर्यंत चालते. दिवसा शंकरपट, रात्री नाटक. वडशाच्या नाटक कंपन्यांच्या तारखा याच महिन्यांत भरतात, कारण धान विकून हातात पैसा असतो आणि लेकी-जावई पाहुणे आलेले असतात. नेमके हेच महिने तिबेटी माणसांच्या स्वेटरांचे. आम्ही मंडपात असतो तेव्हा ती नागपूरच्या किंवा रायपूरच्या फुटपाथवर असतात. ती लोसारला, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमधल्या त्यांच्या नववर्षाला, घरी परततात तेव्हा आमचा हंगाम उतरणीला लागलेला असतो. रात्रभर नाटक करणारे लोक आणि दिवसभर नाटक करणारे लोक, दोघे एकाच तालुक्यात राहून एकमेकांच्या नाटकाला मुकले.

तिबेटी नाटकाला अचे ल्हामो म्हणतात. ते सकाळी सुरू होते आणि संध्याकाळपर्यंत चालते, बरेचदा मोकळ्या आकाशाखाली छत ताणून. वाद्ये दोनच, ढोल आणि झांजा. सुरुवातीला निळे मुखवटे घातलेले शिकारी येऊन जागा शुद्ध करतात. मग एक निवेदक भराभर कथा बोलत जातो आणि पात्रे ती गाऊन पुढे नेतात. जुन्या काळी बऱ्याच पथकांत बायकांची कामे पुरुषच करायचे. हे वाचताना आमच्या दंडारीची, म्हणजे इथल्या लोकनाट्याची, आठवण झाली नाही असा झाडीपट्टीतला माणूस विरळा. आमच्याकडेही पुरुषच लुगडे नेसून उभा राहायचा, आमच्याकडेही गण झाल्याशिवाय कथेला हात लागत नसे. तिबेटी परंपरा सांगते की, पंधराव्या शतकातल्या थांगतोंग ग्याल्पो नावाच्या सिद्धाने लोखंडी साखळ्यांचे पूल बांधले आणि त्यासाठी पैसा उभा करायला हे नाटक सुरू केले. शाळेची इमारत, देवळाचा कळस यांसाठी नाटक लावणारी आमची गावे हे लगेच समजून घेतील.

ल्हामोच्या ठरावीक कथांत द्रिमे कुन्देन नावाची एक आहे. राजपुत्र सगळे दान करतो, शेवटी मुलेसुद्धा. ही आपली वेस्संतर जातकाची कथा. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात भिंतीवर ती रंगवलेली आहे. १९५४ मध्ये युनेस्कोने अजिंठ्याच्या चित्रांचा ग्रंथ काढला, त्याला नेहरूंनी प्रस्तावना लिहिली, आणि ती भिंत भारताची ओळख म्हणून जगात फिरली. तीच कथा हिमालय ओलांडून पठारावर गेली, तिथे नाटक झाली, आणि निर्वासितांच्या स्मरणात बसून भारतात परत आली. महाराष्ट्राच्या पश्चिमेकडे ती भिंतीवर आहे, पूर्वेकडे ती जपणाऱ्या माणसांची वस्ती आहे. हे मी वर्गात सांगितले की मुले गप्प होऊन ऐकायची.

दुसरी एक कथा आहे राजा सोंगत्सेन गाम्पोच्या दोन राण्यांची, एक नेपाळची, एक चीनची. चिनी राजकन्या वेनचेंगवर २०१३ पासून ल्हासामध्ये डोंगरांच्या पार्श्वभूमीवर एक भव्य प्रयोग पर्यटकांना दाखवला जातो. तिबेट आणि चीन पूर्वापार एकच कुटुंब, हा त्याचा सांगावा. निर्वासितांच्या नाटकात तीच राणी दोन स्वतंत्र राजांमधल्या सोयरिकीची पाहुणी असते. २००९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत तिबेटी नाटक दाखल झाले, ते चीनच्या नावाने. त्या यादीसाठी प्रस्ताव देश देतात आणि धरमशालेच्या पाठीशी देश नाही. पण एकाच नाटकावर एक बलाढ्य सरकार आणि एक बिनभूमीचा समाज हक्क सांगतात, यावरून कलेचे राजकीय वजन कळते. चीनला जर ते नाचगाणे बिनमहत्त्वाचे वाटले असते, तर एवढा खर्च झाला नसता.

भारतालाही ही धार जाणवत आली आहे. २००३ मध्ये वाजपेयींच्या भेटीत तिबेट स्वायत्त प्रदेश चीनचा भाग असल्याचे भारताने लिहून दिले. २०११ मध्ये दिल्लीत जागतिक बौद्ध संमेलन भरले, दलाई लामा तिथे बोलणार म्हणून चीनने आक्षेप घेतला आणि सीमाप्रश्नावरची बोलणी पुढे ढकलली गेली. बुद्धधातू आपण आजही पाठवतो, २०२२ मध्ये मंगोलियाला, २०२४ मध्ये थायलंडला. १९५० सालची रीत सुरू आहे.

महाराष्ट्राच्या लोककलांनीही देशासाठी वकिली केली आहे. अण्णाभाऊ साठे १९६१ मध्ये रशियाला गेले, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या प्रदर्शनात लागली. २०२३ मध्ये झाडीपट्टीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या गावोगावच्या मंडपांत फटाके फुटले. आमची दंडार आणि कॅम्पाचे ल्हामो एकत्र पुढे आणण्याची पायरी अजून बाकी आहे.

आणि वेळ थोडा आहे. तिबेटी वसाहतींमधली तरुण मुले शिकून बंगळूर, दिल्लीला जातात, पुढे कॅनडा, अमेरिका, युरोपला. आमच्या कॅम्पातही म्हातारी माणसे आणि कुलुपे वाढताना दिसतात. माझ्या वर्गातला एक तिबेटी मुलगा आता परदेशात रुग्णालयात काम करतो आणि तिथल्या तिबेटी मुलांना रविवारी गोरशे हा फेराचा नाच शिकवतो. तो नाच तो गोठणगावला शिकला. म्हणजे वकिलात चालू आहे, पण तिचे मूळ घर ओस पडू शकते.

म्हणून राज्याच्या सांस्कृतिक कार्य विभागाला आणि सांस्कृतिक संबंध परिषदेला माझे कळकळीचे मागणे आहे. कर्नाटक, ओडिशाच्या वसाहतींतली ल्हामो पथके आमच्या कॅम्पात बोलवा. नवेगावबांधच्या काठावर एकच मंडप घाला, दिवसा ल्हामो आणि रात्री दंडार होऊ द्या. परदेशी पाहुण्यांना ताजमहाल दाखवता, त्यांना हेही दाखवा. आणि वाचकहो, तुम्ही सरकारची वाट पाहू नका. ६ जुलैला दलाई लामांचा वाढदिवस असतो, तेव्हा कॅम्पात नाच होतात. रोवणीचे दिवस असतात, रस्ते चिखलाचे असतात. गोंदिया-वडसा मार्गावर अर्जुनीला उतरा आणि 'तिबेट कॅम्पला जायचे' म्हणा, कोणीही रस्ता दाखवील.